शेततळ्यातला जपानी रणगाडा

मला जपानी रणगाड्यांचं वेड आहे असं आमच्या घरी पाहुण्यांना सांगतात, आणि मग पाहुणे माझ्याशी जरा जपूनच बोलतात. वेड वगैरे काही नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी सातपुड्यातल्या धडगावला शिक्षक होतो. एकदा पावसाळ्यात मोलगीहून परत येताना आमची जीप एका ओढ्यापाशी अडली. पाणी उतरेपर्यंत बसून राहायचं. आत आम्ही पंधरा-सोळा माणसं, दोन बोकड आणि टपावर कुणाचं तरी लोखंडी कपाट. माझ्या पिशवीत शाळेला कुणीतरी दान दिलेलं, पुठ्ठा निघालेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात समुद्रातून पोहत येऊन बेटावर चढणाऱ्या जपानी रणगाड्याचं चित्र होतं. समोर ओढा, मांडीवर ते चित्र आणि खांद्यावर बोकडाची हनुवटी. त्या अवस्थेत ते चित्र कुणालाही आवडलं असतं.

पुढची तीस वर्षं मी मिळेल तिथून या रणगाड्यांची माहिती गोळा केली. दुसऱ्या महायुद्धात ते जपानच्या आरमाराकडे होते. पॅसिफिकमधल्या बेटांवर उतरायचं तर प्रत्येक ठिकाणी बंदर कुठून आणणार? म्हणून रणगाडाच पोहेल असा केला. पुढे आणि मागे पोलादाचे मोठे पोकळ डबे जोडायचे, मागच्या बाजूला पाण्यात फिरणारे दोन पंखे. डब्यांमुळे तो तरंगायचा, पंख्यांमुळे पुढे सरकायचा. किनाऱ्याला लागला की आतल्या माणसांनी आतूनच डबे सोडून द्यायचे, आणि मग हा साध्या रणगाड्यासारखा पट्ट्यांवर चालू लागायचा. पुढे युद्ध जपानवर उलटलं. उतरायला बेटं उरली नाहीत, होती तीच राखायची वेळ आली. तेव्हा यातले कित्येक रणगाडे मानेपर्यंत वाळूत पुरून नुसत्या तोफा म्हणून ठेवले. पोहण्यासाठी बनवलेली वस्तू वाळूत पुरली. मी सरकारी नोकरी केलेली असल्यामुळे मला याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही.

नोकरीची मधली काही वर्षं मी नंदुरबारच्या शाळेत होतो. निवृत्त झाल्यावर पुन्हा तिथेच आलो, आणि संध्याकाळी चार ते सहा मी चाचांच्या दुकानात बसू लागलो. चाचा पत्र्याचं काम करायचे. धान्याच्या कोठ्या, पेट्या, चाळण्या, पन्हाळी. वय सत्तरीपुढे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि दुकानाच्या मागच्या खोलीत ते एकटेच राहत. घरच्यांशी हिंदी बोलणारा हा माणूस दुकानाच्या उंबऱ्यावर आला की अस्सल अहिराणी बोले. प्लास्टिकचे ड्रम आले तशी कोठी घेणारी माणसं कमी झाली. पण चाचांची रीत बदलली नाही. तयार झालेली प्रत्येक कोठी ते काठोकाठ पाण्याने भरून दिवसभर उन्हात ठेवत. तिच्यात ज्वारी भरायची आहे, पाणी नाही, असं मी त्यांना अनेकदा समजावून सांगितलं. कथील तापवून पत्र्याचा सांधा जोडतात त्याला झाळ मारणं म्हणतात. चाचांनी मारलेल्या झाळीतून थेंब गळाला असं सांगणारा माणूस अख्ख्या बाजारात सापडला नसता.

मी त्यांना एकदा माझं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते डोळ्यांजवळ नेलं.

"हाई ते कोठीच शे, सर," ते म्हणाले. "खाले पट्टा लायेल शे, इतलंच."

तीस वर्षांच्या अभ्यासाचा असा निकाल लागल्यावर मी दोन दिवस दुकानात गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, कारण चार वाजता दुसरीकडे कुठे जायचं हे मला माहीत नव्हतं. चाचांनी तोवर खडूने पत्र्यावर रणगाड्याची आकृती काढून ठेवली होती. आम्ही दोन हात लांबीचा, खराखुरा पोहणारा रणगाडा करायचं ठरवलं.

काम सुरू होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा चाचांच्या मुलाचा सुरतेहून फोन आला. मुलगा तिथे साड्यांच्या दुकानात कामाला. एके काळी माझ्याच वर्गात होता. इतिहासात तो कधी पास झाला नाही, पण स्वभावाने सोन्यासारखा. अब्बांना आता कायमचं सुरतेला न्यायचं, दुकान बंद करायचं, असं त्याचं म्हणणं होतं. चाचांचे हात कामात होते म्हणून फोन पत्र्यावर ठेवून मोठ्या आवाजात चालला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. चाचा नुसते "हां, हां" करत होते. माझं डोकं तापलं. मी फोन उचलला.

"अरे, तुझ्या वडिलांच्या हाताला तू समजतोस काय?" मी म्हणालो.

"सर, अब्बांचा हात थरथरतो आता. विस्तव, कात्री, पत्रा... एकटे असतात."

"थरथरतो? मग ऐक. आम्ही एक रणगाडा करतोय. तू ये आणि बघ. तो पाण्यावर तरंगला आणि आपला आपण जमिनीवर चढला, तर चाचा इथेच राहतील. नाही चढला तर घेऊन जा. आहे कबूल?"

तो हसला. मास्तरांना नाही म्हणायची सवय त्याला शाळेत लागली नव्हती, ती आता कुठून लागणार? "कबूल, सर," म्हणाला. रविवार ठरला. मी फोन ठेवून विजयी मुद्रेने चाचांकडे बघितलं. ते पत्र्याची कड ठोकत होते. त्यांना माझा निर्णय पटला आहे असं मी समजलो.

तलाव शोधायला लांब जावं लागलं नाही. तापीकाठी माझा एक गुजर शेतकरी मित्र आहे, केळीवाला. त्याच्या मळ्यात शेततळं आहे. शेततळ्याच्या आत सगळीकडून जाड काळं प्लास्टिक अंथरतात, शेतकरी त्याला कागद म्हणतात. हा कागद म्हणजे माझ्या मित्राचा जीव की प्राण. तळ्याच्या काठावर तो सख्ख्या मेव्हण्यालाही चपला घालून फिरू देत नाही. मी त्याला लोखंडी पट्ट्यांचा रणगाडा आत सोडायची गोष्ट बोललो, तेव्हा त्याने आधी माझ्या चपलांकडे बघितलं.

"तुमना रणगाडा बुडी गया तरी चाली, सर," तो म्हणाला. "मन्हा कागद फाटाले नको."

म्हणून पट्ट्यांवर कापड बांधायचं ठरलं. आमच्या घरातली एक जुनी गोधडी यासाठी कामी आली. ती तितकी जुनी नव्हती हे मला नंतर सांगण्यात आलं. जिथून रणगाडा वर चढायचा तिथे तळ्याच्या उतारावर चार पदरी गोणपाट टाकायचं, आणि मधे कुणीही पाय ठेवायचा नाही, असा करार झाला. अमेरिकेच्या सैन्याने बेटाभोवती केली नसेल इतकी तयारी माझ्या मित्राने तळ्याभोवती केली.

रणगाड्याचा सांगाडा झकास झाला होता. आत मोटरसायकलची बॅटरी, जीपच्या वायपरच्या दोन मोटारी, पट्ट्यांसाठी सायकलच्या चेन. मागे दोन छोटे पंखे. लांब वायरच्या टोकाला बटणं. प्रश्न राहिला पुढच्या-मागच्या डब्यांचा. इथे मित्राने अक्कल चालवली. घड काढल्यावर केळीचा खांब तोडून टाकतात, आणि तो पाण्यावर छान तरंगतो. त्याचे तराफे करून लहानपणी आम्ही सगळेच तापीत डुंबलो आहोत. मित्र म्हणाला, पत्र्याचे डबे कशाला, खांबाचे तुकडेच बांधा. मला हे ऐतिहासिकदृष्ट्या अजिबात मान्य नव्हतं. पण जपान्यांच्याही बेटांवर केळी असतीलच, असा विचार करून मी गप्प बसलो.

चाचणीसाठी आम्ही रणगाडा मळ्यात नेला, पुढे-मागे केळीचे खांब कापून नीट आकार देऊन बांधले, आणि चहा प्यायला झोपडीत गेलो. परत येऊन बघतो तर मित्राच्या म्हशीने दावं सोडवून घेतलेलं आणि पुढचा सगळा डबा खाऊन मागच्याला सुरुवात केलेली. तोफेलाही तिने चाटून बघितलं होतं. मी तिच्यावर इतका ओरडलो की ती चावायची थांबली आणि सावकाश मान वळवून माझ्याकडे बघू लागली.

"म्हैसले काय माहीत ते जपाननं शे?" मित्र म्हणाला.

चाचा मात्र जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. इतकं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

मग पत्र्याचे डबे करायचं ठरलं, आणि तिथे आमचं खरं भांडण झालं. डबे कडीत अडकवायचे आणि सायकलच्या ब्रेकची वायर ओढली की कडी सुटून ते गळून पडायचे, अशी माझी योजना. खऱ्या रणगाड्याचा सगळा मान त्या एका गोष्टीत होता. चाचांना ती पटेना. डबा आणि सांगाडा यांच्यामध्ये फट ठेवायची, तीही मुद्दाम, हे त्यांच्या पन्नास वर्षांच्या धंद्याच्या विरुद्ध होतं.

"जो सांधा सुटस, तो मन्हा नही," ते म्हणाले.

"चाचा, तो सुटला नाही तर रणगाडा चढणार कसा? पुढचा डबा जमिनीत रुतेल. मुलगा बघायला येतोय, विसरलात का? तुम्हाला इथे राहायचंय ना?"

मग त्यांनी निमूटपणे कडी बसवली. बुधवारी मी दुकानात दहा वेळा वायर ओढून बघितली. दहाही वेळा डबे ठण्णकन खाली पडले आणि दहाही वेळा चाचांनी डोळे मिटले.

त्याच दिवशी निघताना त्यांनी मला विचारलं, "सर, हाऊ रणगाडामा मानसे ऱ्हात. त्या घर गयात का?"

मी म्हणालो, बहुतेक नाही गेले. बेटं पडली, बोटी यायच्या बंद झाल्या. जे वाळूत पुरले गेले त्यातले बरेच तिथेच मेले.

"त्यास्ले कोनी लेवाले उनं नही?"

कुणी न्यायला आलं नाही, असं मी सांगितलं. त्यावर मी त्यांना इंधनाच्या टंचाईबद्दलही बरंच काही सांगितलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

गुरुवारी गेलो तर चाचा म्हणाले, आता रंगकाम आहे, तुम्ही हात लावाल आणि रंग निघेल, तुम्ही एकदम रविवारीच या. त्यात काही वावगं नव्हतं. मी रंगाचा डबा आणि ब्रश देऊन आलो. ते तीन दिवस चार ते सहा मी घरी बसलो आणि गोधडीवरून ऐकून घेतलं.

रविवारी सकाळी आम्ही मळ्यावर पोचलो. चाचा, त्यांचा मुलगा, मी, मित्र. मित्राने सगळ्यांच्या चपला आधीच बांधाखाली काढून घेतल्या होत्या. शेततळ्याचा ओला कागद इतका निसरडा असतो की आत पडलेला माणूस एकटा बाहेर येऊ शकत नाही, म्हणून एक दोर आंब्याला बांधून तयार ठेवला होता. चाचांना केळीच्या क्रेटवर बसवलं. रणगाडा सुंदर दिसत होता. हिरवा रंग, पुढे नाकाड काढलेला मोठा डबा, मागे छोटा. मी आणि मित्राने तो उचलून अलगद पाण्यात सोडला.

तो तरंगला. जरासाही कलला नाही. मी बटण दाबलं, मागचे पंखे फिरले, आणि आमचा दोन हातांचा रणगाडा नाक वर करून तळ्याच्या मध्याकडे निघाला. धडगावच्या त्या जीपमध्ये बसल्या बसल्या मी जे बघितलं होतं, ते समोर चालत होतं. मी मुलाकडे बघितलं. त्याने तोंडात बोट घातलं होतं. मित्र कागदाकडे बघत होता.

तळं ओलांडून रणगाडा गोणपाटाला लागला. मी पट्टे सुरू केले आणि ब्रेकची, जोड देऊन लांब केलेली वायर ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली, मग दोन्ही हातांनी ओढली. पुढच्या डब्याचं नाक गोणपाटात रुतलं, पट्टे जागच्या जागी फिरू लागले, आणि गोधडीच्या चिंध्या सुटून पाण्यावर पसरल्या. मी जोर लावून वायर ओढली तेव्हा ती तुटून माझ्या हातात आली आणि मी मागच्या मागे चिखलात बसलो.

मुलगा कमरेला दोर बांधून उतरला. दोन पावलांतच घसरला आणि पँटसकट पोटापर्यंत पाण्यात गेला. मित्राने त्याला "कागद संभाळ" असं बजावलं. तो रणगाड्यापर्यंत पोचला, डबा हलवून बघितला, आणि मग डबा जिथे जोडला होता तिथून त्याने अंगठा फिरवत नेला. लहानपणी दुकानात वाढलेला मुलगा तो. त्याचा चेहरा बदलला.

"सर," तो म्हणाला, "इथे कडी नाहीच. वायर नुसतीच पत्र्याला बांधलीय. पूर्ण झाळ मारलीय. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हे कापल्याशिवाय निघणार नाही."

मी उठलो. मागून चिखलाने भरलेला मी चाचांसमोर जाऊन उभा राहिलो आणि जे तोंडाला येईल ते बोललो. म्हातारपणी अक्कल गहाण टाकलीत का, म्हणालो. तुमच्या त्या झाळीच्या अभिमानापायी राहतं घर घालवलंत, म्हणालो. एक सांधा, फक्त एक सांधा सैल ठेवायचा होता, तेवढंही तुमच्याच्याने झालं नाही. मी तुमच्यासाठी भांडलो आणि तुम्ही माझंच नाक कापलंत. मुलगा पाण्यातून "सर, जाऊ द्या" म्हणत होता. चाचा क्रेटवर बसून ऐकत होते. माझा दम संपल्यावर ते हळू बोलले.

"झाळ मी जानीसन मारी, सर. तीन दिन लागनात. हात ऐकस नही आते."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. थोडेथोडके नव्हे, बोटं एका जागी ठरत नव्हती. गेल्या वर्षभरापासून ते चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरत होते, आणि मी त्यांच्या समोर बसून तो रोज बघत होतो.

"मले जानंच व्हतं," ते म्हणाले.

"मग मला सांगायचं होतंत, चाचा."

"तुम्हीन कधय इचारं?"

मी विचारलंच नव्हतं. फोन मी उचलला, पैज मी लावली, दिवस मी ठरवला. चाचांना इथेच राहायचंय हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं, कारण ते गेले तर चार वाजता मी कुठे जाणार, हा माझा प्रश्न होता. ते कुणालाही सांगायची मला लाज वाटत होती, म्हणून मी त्यांच्या हाताच्या कौशल्याबद्दल भांडलो. मला त्या क्षणी स्वतःचा फार राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. मी तोंड धुवायच्या निमित्ताने नळावर गेलो.

परत आलो तेव्हा मुलगा पाण्याबाहेर येऊन पँट पिळत होता आणि मित्र गुडघ्यांवर रांगत कागद तपासत होता. मी चाचांच्या शेजारी जमिनीवर बसलो.

"सुरतेला गेल्यावर काय करणार?" मी विचारलं.

मी खरंच विचारतोय की नाही याचा चाचांनी अंदाज घेतला. मग बोलू लागले. मुलाने तिसऱ्या मजल्यावर घर घेतलंय, बाहेर गॅलरी आहे. मोठीला गणित जमत नाही, पण ती भांडण झालं की आजोबांनाच फोन करते. मधलीला पत्र्याची बाहुलीची गाडी हवी आहे, ती देता येईल की नाही माहीत नाही. धाकटी अजून नीट बोलत नाही, फोनवर नुसतं "दादा, दादा" करते आणि फोन चाटते. ते सांगत होते आणि त्यांचे हात मांडीवर हलत होते. उन्हं वर आली तरी ते थांबले नाहीत.

जपानी रणगाड्याच्या पोटात किती माणसं बसत आणि कोण कुठे बसे, हे मला तोंडपाठ होतं. चाचांना तीन नाती आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.